गाडी मिसिंग मारतेय? आधी कुठला सिलिंडर ते शोधा

जुनी पिकअप मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटता इंजिन झटके द्यायला लागलं, की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी प्लग बदलले जातात. दोन दिवस बरं वाटतं. मग प्लगला करंट देणारी कॉईल बदलते, मग इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई होते, मग कोणीतरी सांगतं की सेन्सर गेलाय. शेवटी एखादा जुना मेकॅनिक टॅपेट (सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) तपासतो आणि दुखणं तिथे निघतं. तोवर मालकाचे हजारो रुपये गेलेले असतात. शिवाय वाशीच्या मार्केटातून पहाटे दादरला पोचवायचा माल दुसऱ्याच्या टेम्पोत चढलेला असतो, आणि असं गिऱ्हाईक एकदा हललं की परत येईलच याची खात्री नसते. एका गाडीवर ज्याचं घर चालतं, त्याच्यासाठी ही फार महागडी पद्धत आहे.

मिसिंग शोधताना पार्टचं नाव शेवटी येतं. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: कुठला सिलिंडर काम सोडतोय आणि कधी सोडतोय. या दोन्हींची उत्तरं मिळवायला फारसा खर्च येत नाही, आणि त्यातलं बरंचसं मालकाला किंवा ड्रायव्हरला स्वतः करता येतं.

आत काय घडतं ते आधी बघू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी, फिरत असेल, तर एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चार सिलिंडरचे मिळून मिनिटाला १६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. ते इतके जवळजवळ पडतात की आपल्याला सलग गुरगुर ऐकू येते. त्यातला एखादा ठोका चुकला की चौघांनी खांद्यावर घेतलेल्या ओझ्याखालून एकाने खांदा काढून घ्यावा तशी गाडी एका बाजूला कलते आणि हादरते.

हादऱ्याचा ताल नीट ऐका. बोनेट बंद ठेवून सायलेन्सरच्या मागे, जरा लांब उभं राहायचं. फट्‌-फट्‌-फट्‌-खंड असा ठरावीक ताल असेल तर एकच सिलिंडर सतत मेलेला आहे. खंड कधी इथे, कधी तिथे पडत असेल, तर दोष सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधायचा: इंधनाचा पुरवठा, बाहेरून घुसणारी हवा, अर्थिंग, क्रँकचा सेन्सर. एवढ्या ऐकण्याने निम्मी यादी बाद होते.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि इंधन, पुरेसा दाब, आणि वेळेवर जोरदार ठिणगी. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, सीएनजीला साधारण १७. तिन्हींपैकी एक गोष्ट कमी पडली की मिसिंग. कारणांची नावं पन्नास असतील, पण ती सगळी या तीन खात्यांत बसतात.

इथे सेन्सरबद्दल सांगायला हवं, कारण यात लोक फार फसतात. सिलिंडर पेटला नाही की त्यातली हवा न जळता तशीच सायलेन्सरकडे जाते. वाटेतल्या ऑक्सिजन सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि तो कॉम्प्युटरला कळवतो की इंधन कमी पडतंय. कॉम्प्युटर बिचारा इंधन वाढवतो. मग एव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि स्कॅनरवर (कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) इंधन-मिश्रणाचा कोड येतो. सेन्सरने त्याला दिसलं तेच सांगितलेलं असतं. तो बदलून मिसिंग जात नाही, कारण मिसिंग आधी आलं आणि कोड त्यामागून आला. सेन्सरचा कोड आणि मिसिंगचा कोड एकत्र दिसले तर आधी मिसिंगच्या मागे लागा.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. तोच दिवा लुकलुकत असेल तर रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे पेटतंय, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरची आतली जाळी वितळली की सायलेन्सर तुंबतो, आणि मग होणाऱ्या खर्चापुढे कॉईलचा खर्च काहीच नाही.

कधी मिसिंग मारते?

ड्रायव्हर गाडी आणून देतो आणि म्हणतो, "शेठ, गाडी मिसिंग मारतेय." तेवढ्यावर थांबू नका. थंड असताना की गरम झाल्यावर? उभी असताना की चढावर? रिकामी असताना की मालावर? पावसात की कोरड्यातही? ही उत्तरं कुठल्याही यंत्राइतकी कामाची आहेत.

माल भरलेला आहे, सायनचा उड्डाणपूल चढताना किंवा कसारा घाटात गाडी झटके देते, सपाटीला मात्र ठीक चालते, असं असेल तर पहिला संशय ठिणगीवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब जितका जास्त तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतो. उभ्या गाडीत दहा-बारा हजार व्होल्टमध्ये भागतं, लोडवर त्याच्या दुप्पट-अडीचपट लागू शकतो. कमजोर कॉईल किंवा झिजलेला प्लग तिथे हात टेकतो. दुसरा संशय तुंबलेल्या फिल्टरवर किंवा थकलेल्या पंपावर, कारण चढावर इंधनही जास्त लागतं.

उलट उभी असताना थरथरते आणि रेस दिली की गुळगुळीत होते, असं असेल तर कुठून तरी जादा हवा घुसतेय किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. रेस वाढली की तेवढ्याशा गळतीचा परिणाम जाणवेनासा होतो. गरम झाल्यावरच बिघडत असेल तर कॉईल आणि टॅपेट दोन्ही बघा. पहाटे पहिल्या स्टार्टला अडखळते, मिनिटभर पांढरी वाफ येते, आणि रेडिएटरचं पाणी आठवड्याला थोडं थोडं कमी होतं, अशी त्रिकुटाची तक्रार असेल तर हेड गॅस्केटमधून (सिलिंडरवरच्या हेडखालच्या सीलमधून) रात्रभर पाणी पाझरत असण्याची शक्यता मोठी.

सीएनजीच्या गाडीत आपल्याला एक फुकटची कसोटी मिळालेली आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: डॅशबोर्डवरचं पेट्रोल-सीएनजीचं बटण. गाडी गरम करा, एकाच रस्त्यावर आधी एका इंधनावर आणि मग दुसऱ्यावर चालवा. दोन्हीवर सारखीच मिसिंग असेल तर इंधनाचं खातं जवळपास बंद करा. दोष ठिणगीत, दाबात किंवा बाहेरून घुसणाऱ्या हवेत आहे. फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, फिल्टर किंवा पंप. आपल्याकडच्या कित्येक गाड्या महिनोन्‌महिने सीएनजीवरच पळतात आणि पेट्रोल टाकीत पडून राहतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मुंबईच्या दमट हवेतलं पाणी शोषतं, इंजेक्टरच्या तोंडाशी थर जमतात. अशा गाडीला रोज थोडा वेळ पेट्रोलवर चालवणं हेच औषध आहे.

फक्त सीएनजीवर मिसिंग असेल तर मात्र घाईने किट उघडायला लावू नका. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतो. म्हणून पेट्रोलवर कसाबसा चालणारा प्लग सीएनजीवर आधी उघडा पडतो. आधी प्लग, वायरी आणि कॉईल तपासा. ते ठीक निघाले तर रिड्युसर, गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर. टाकीतला सुमारे २०० बारचा दाब रिड्युसर खाली आणतो. दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो, म्हणून रिड्युसरमधून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. रेडिएटरमध्ये पाणी कमी असेल तर रिड्युसर गारठतो आणि गाडी सीएनजीवर अडखळते. पाण्याची पातळी बघायला पैसे पडत नाहीत. गॅसच्या पाइपला किंवा जोडणीला स्वतः पाना लावायचा नाही. ते काम अधिकृत माणसाचंच.

कुठला सिलिंडर?

मुंबईत बीएस-४ चा प्रदूषणाचा नियम २०१० मध्ये आला, देशभर २०१७ मध्ये. त्या काळातल्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांना साधारणपणे स्कॅनर जोडता येतो. लॅमिंग्टन रोडला ब्लूटूथचा साधा स्कॅनर मिळतो, तो मोबाइलला जोडला की काम होतं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पी०३०४ पर्यंत. पी०३०० आला तर मिसिंग एका जागी ठरलेलं नाही. कॉम्प्युटरला हे कळतं क्रँकच्या सेन्सरमुळे: सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो, पेटला नाही की फिरण्याचा वेग क्षणभर मंदावतो. म्हणजे कोड फक्त सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. "पी०३०२ आलाय म्हणून कॉईल बदला" असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, कॉईलच कशावरून?

स्कॅनर जोडता येत नसेल तर जुना उपाय. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं आणि लगेच लावायचं. चांगल्या सिलिंडरचं काढलं की इंजिन आणखी हलतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. हे करताना गाडी पेट्रोलवर हवी. सीएनजीवर पेट्रोलचे इंजेक्टर बंदच असतात, त्यामुळे काहीच कळणार नाही. प्लगची वायर उपटून बघायची सवय बऱ्याच मेकॅनिकना असते. ती टाळा. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की कॉईल जळू शकते, झटका जोरदार बसतो, आणि न जळलेलं इंधन सरळ कन्व्हर्टरमध्ये जातं. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनच्या वायरींजवळ जाऊच नये.

ज्या गाडीला इंजेक्टरच नाहीत, अशा कार्बोरेटरच्या गाडीत थंड इंजिन सुरू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) फाट्यांवर लांबून पाण्याचे थेंब टाका. जळता सिलिंडर पाणी चटकन उडवतो, मेलेल्याच्या फाट्यावर ते रेंगाळतं. हात लावून बघू नका.

आता ठिणगी

सिलिंडर कळला की पार्ट विकत घ्यायच्या आधी अदलाबदल करा. समजा दुसरा सिलिंडर मिसिंग मारतोय आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल आहे. दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावा आणि दुसऱ्याचा प्लग पहिल्यावर लावा. कोड मिटवा, गाडी चालवा. मिसिंग तिसऱ्यावर गेलं तर कॉईल दोषी. पहिल्यावर गेलं तर प्लग. दुसऱ्यावरच राहिलं तर दोघेही निर्दोष, आणि तुमचा कॉईलचा खर्च वाचला. माझ्या मते या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे.

काही जुन्या इंजिनांत एक कॉईल दोन सिलिंडरना करंट देते: पहिला आणि चौथा एकत्र, दुसरा आणि तिसरा एकत्र. त्यामुळे पहिला आणि चौथा एकदम गेले तर कॉईलवर बोट ठेवता येतं. दुसरा आणि तिसरा एकदम गेले तर थांबा. ते शेजारी आहेत, त्यामुळे मधली हेड गॅस्केट फुटली तरी हेच लक्षण दिसतं. तिथे कॉम्प्रेशन घेतल्याशिवाय, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजल्याशिवाय, निर्णय नको.

काढलेले प्लग ओळीने, क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी रंग म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल आत येतंय. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असणार. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग मुळातच फिकट, पांढुरके दिसतात, त्यावरून घाबरू नका. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेरून पळतेय. तशीच रेघ वरच्या रबरी टोपीत आतून पडलेली असते, म्हणून प्लग बदलताना टोपीही बदला; नाहीतर नवा प्लग जुन्याच वाटेने ठिणगी गमावत राहील.

मुंबईच्या पावसाळ्यात ही गोष्ट जास्तच जाणवते. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली, प्लगच्या खोबणीत पाणी साचलं, आणि दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू. कोरड्या हवेत तडा गेलेली वायर निभावून नेते, दमट हवेत ठिणगी त्या तड्यातून इंजिनच्या अंगावर उडी मारते. रात्री अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, आणि फवाऱ्याने वायरींवर पाण्याचं हलकं धुकं मारा. निळसर ठिणग्या चमकल्या की जागा सापडली. हात, बाही, ओढणी पंख्यापासून लांब.

खाऱ्या हवेचा दुसरा बळी म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी. बाहेरून ठीक दिसते, आतून हिरवी पडलेली असते. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढून घासा किंवा बदला. मंडईत उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही तपासावी.

हवा आणि इंधनाबद्दल थोडक्यात. व्हॅक्यूमचे रबरी पाइप जुने होऊन चिरतात. चालू इंजिनवर पाइपांच्या जोडांवर पाण्याचं धुकं मारा. रेस बदलली तर गळती तिथेच. पेट्रोल किंवा कार्ब क्लिनर मारून बघणारे आहेत, पण तापलेल्या इंजिनवर आग लागायला तेवढं पुरतं. इंधनाचा दाब गेज लावून मोजता येतो, अंदाजाने पंप बदलू नका.

दाब, आणि सीएनजीचं छुपं दुखणं

प्लग आणि कॉईल निर्दोष, इंजेक्टर निर्दोष, तरी एक सिलिंडर मेलेला. आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढून, इंधन आणि कॉईलची जोडणी बंद करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतात. नेमक्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाहून खाली असेल तर दुखणं आत आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन्ही कमी असतील तर गॅस्केट.

सीएनजी गाड्यांत व्हॉल्व्ह बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं, त्याचं कारण समजून घ्या. पेट्रोलसोबत व्हॉल्व्हच्या सीटवर थोडा ओलावा येतो, सीएनजी मात्र कोरडा वायू आहे. व्हॉल्व्ह सीटवर आपटत राहतो आणि हळूहळू सीट झिजवत आत रुतत जातो. तो जितका रुततो तितकं टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली बारीक फट, कमी होतं. लोकांची समजूत असते की टॅपेट बिघडले की टकटक आवाज येणारच. इथे उलटं घडतं: क्लिअरन्स संपत चाललं की आवाज कमी होतो, इंजिन छान शांत वाटतं. पुढे इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी प्रसरण पावते, उरलेली फटही संपते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. दाब निसटतो, गरम वायू व्हॉल्व्हच्या कडेने सुटतो आणि कड जाळतो. वेळीच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लिअरन्स मोजून सेटिंग केलं तर काम स्वस्तात निभावतं. कड जळल्यावर हेड उतरवावंच लागतं. ज्या इंजिनात क्लिअरन्स हाताने लावायचं असतं, अशा सीएनजी पिकअपचं टॅपेट ठरलेल्या किलोमीटरला तपासून घ्या, आवाज आला नाही तरी. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो, आणि तो थंड इंजिनचा की गरम हेही लिहिलेलं असतं.

डिझेलची गाडी

डिझेलमध्ये प्लगची ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. म्हणून तिथे फक्त दोन खाती उरतात, इंधन आणि दाब. धूर बघा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. फिल्टरच्या तळाचं पाणी काढा, आणि पाइपांच्या जोडांतून लाईन हवा घेत नाही ना ते बघा. पुष्कळ मिसिंग तिथेच संपतात. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या टाटा एसला, आपल्या छोट्या हत्तीला, दोनच सिलिंडर होते. तिथे एक गेला की निम्मी ताकद जाते आणि गाडी जागची हलत नाही, त्यामुळे लोक लगेच दखल घेतात. चार सिलिंडरची गाडी तिनावर महिनोन्‌महिने ओढली जाते आणि बिघाड वाढत जातो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलचा पाइप एकेक करून सैल करतात आणि कुठे फरक पडत नाही ते बघतात. कॉम्प्युटरने इंजेक्टर चालवणाऱ्या कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही, कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. बारीक फवारा कातडी भेदून डिझेल आत घुसवतो आणि बोट, कधी हातही, गमवावा लागतो. कॉमन रेलला स्कॅनरवरचे इंजेक्टरचे आकडे वाचणारा माणूसच हवा.

गाडी गॅरेजला देताना तुमची निरीक्षणं कागदावर लिहून द्या: कधी मिसिंग मारते, कुठल्या इंधनावर, कुठला सिलिंडर, काय काय अदलाबदल करून बघितलं. शेवटच्या पीयूसीची पावतीही जोडा. पेट्रोल-सीएनजी गाडीचं न जळलेलं इंधन तिथे एचसीच्या (हायड्रोकार्बनच्या) आकड्यात दिसतं, आणि मागच्या पावतीपेक्षा तो उडी मारून वर गेला असेल तर मिसिंग कधीपासून आहे याचा अंदाज येतो. कॉम्प्रेशन घेतलं तर चारही आकडे बिलावर लिहून मागा, आणि काढलेले पार्ट परत मागा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी कॉईल बसवली जाणार असेल तर ते आधी सांगायला लावा. जुनी कॉईल थंड असताना उत्तम चालते आणि तापल्यावर दगा देते. काम झाल्यावर कोड मिटवायला सांगा, गाडी पूर्ण गरम होऊ द्या, आणि माल भरून एखादा चढ पेट्रोलवर आणि सीएनजीवर, दोन्हीवर चढवून बघा. पैसे त्या फेरीनंतर द्या.